माणूस बाहेर, माल आत

कवळीवाल्याला खोलीबाहेर काढण्यात घरमालकांचं दीड वर्ष गेलं, आणि तो गेल्याचा आनंद त्यांना जेमतेम एक दुपार मिळाला.

वाद तसा साधा होता. कवळीवाला तळमजल्यावरच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायचा. धंदा बसला, भाडं थकलं. शेवटी कोर्टात तडजोड झाली: मालकांनी थकबाकी सोडायची, त्याने महिनाअखेर खोली. पण महिना संपायच्या आत त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सगळ्यालाच स्थगिती मिळाली. मालक तडजोडीचा कागद नाचवत पुन्हा कोर्टात गेले.

"सही केलीय, तर खोली सोडावीच लागेल," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण सामानाला हात लावायचा नाही. त्यावर आता सगळ्या सावकारांचा हक्क. यादी होईपर्यंत खोलीला सील."

म्हणजे माणूस बाहेर, माल आत. कवळीवाला मेहुण्याकडे राहायला गेला. खोलीत उरले प्लास्टरचे तीनशे जबडे, फळ्यांवर ओळीने मांडलेले.

"सुटलो बुवा," मालक जेवून आडवे होत म्हणाले. "गेली एकदाची कटकट."

खालून आवाज आला. कट. कट. कट.

"अहो," मालकीणबाई म्हणाल्या, "आली परत."

"उंदीर असेल."

आवाज थांबला.

"उंदीर थांबून ऐकतो का?"

कट. कट.

नवराबायको बोलले की आवाज यायचा, गप्प बसले की गप्प. दुसऱ्या दिवसापासून दोघं कुजबुजू लागले, तिसऱ्या दिवशी खाणाखुणांवर आले. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच घरात सलग दोन दिवस भांडण झालं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी धीर करून खिडकीच्या काचेतून आत पाहिलं. अर्धवट उजेडात पांढऱ्या ओळी आ वासून बसल्या होत्या.

"सील लावलं तेव्हा यांची तोंडं भिंतीकडे होती," मालकीणबाई पुटपुटल्या.

"काहीतरीच काय!"

"मग तुम्ही मागे का सरकलात?"

त्याच दुपारी यादी करून ताबा द्यायला कोर्टाचा बेलिफ आला. खमक्या माणूस. कुत्री अंगावर सोडणाऱ्यांचीही घरं त्याने रिकामी करून घेतली होती. नियमाप्रमाणे त्याने दारात हुकूम मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "आत कोणी असल्यास बाहेर यावं."

कट.

"कोण आहे?"

कटकटकटकट. आधी एका कोपऱ्यातून, मग चारी बाजूंनी.

बेलिफाने सील न तोडताच पंचनामा लिहिला, मालकांची सही घेतली आणि वळून न बघता चालू लागला. मालकांनी तो नंतर वाचला. "ताबा देता आला नाही. आत बरेच जण आहेत. समजावून पाहिले."

मालक धावत दिवाळखोरीच्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने पंचनामा दोनदा वाचला.

"तुमची तडजोड कवळीवाल्याशी. तो गेला. आता जे आत आहेत त्यांच्यावर वेगळा दावा लावा."

"कुणावर?"

"ते तुम्ही सांगायचं. नावं आणा."

आता मालकांपुढे एकच वाट होती: आत कोण आहे हे कवळीवाल्यालाच विचारायचं. सील तोडायच्या परवानगीचं पत्र घेऊन ते मेहुण्याच्या घरी गेले आणि कवळीवाल्याला अक्षरशः हाताला धरून घेऊन आले. बेलिफाने लांबूनच हात पुढे करून किल्ली दिली आणि तो गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

कवळीवाल्याने सील तोडलं, दिवा लावला आणि तो हसला.

"काका, तुम्हीपण ना! हे बघा. वरचे जबडे त्या भिंतीला, खालचे या भिंतीला. एकमेकांना लागतच नाहीत, तर वाजतील कसे?"

मालकांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मग वाजतंय काय?"

"मला कसं माहीत असणार? माझं घासायचं मशीन दिवसभर चालू. दुसरं काही ऐकूच यायचं नाही."

कट, असा आवाज झाला. फळीवरून नाही. फरशीखालून, त्याच्या दोन पावलांच्या बरोबर मधून.

कवळीवाल्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मालकांनी त्याचा दंड धरला.

"तुम्ही परत या. भाडं नको, काही नको. मशीन तेवढं चालू ठेवा."

"छे छे, काका," त्याने हळूच दंड सोडवून घेतला. "कोर्टात सही केलीय. दिलेला शब्द मोडणाऱ्यातला मी नाही."

एवढं बोलून त्याने चपला हातात घेतल्या, आणि गल्लीच्या टोकाला उभ्या बेलिफालाही मागे टाकून तो पळाला.