काचेला बोट लावू नये

उदगीरचे शिवलिंगअप्पा बोलताना तुमच्या डोळ्यांकडे पाहत नाहीत, डाव्या कानाकडे पाहतात. आणि तेही इतक्या एकाग्रतेने, की नवखे गिऱ्हाईक एकदा तरी आपला कान चाचपून घेते. शाळेत असताना आम्ही मुली हा त्यांचा तोरा समजत असू.

बसस्थानकामागे अप्पांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे केंद्र आहे. पूर्वी तिथेच त्यांचे टंकलेखनाचे वर्ग चालत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, समोर अक्षरे झिजून गेलेला काळा कीबोर्ड आणि भिंतीवर पाटी : ‘काचेला बोट लावू नये.’ काच म्हणजे संगणकाचा पडदा. “अप्पा, हे बघा, इथं,” असे म्हणत कुणी पडद्याकडे बोट नेले, की त्या बोटावर फूटपट्टी बसे.

दुसरा नियम पाटीवर नव्हता, पण अधिक कडक होता. फॉर्म पाठवण्याआधी ज्याचा त्याने तो पडद्यावरून मोठ्याने वाचायचा. आसपासच्या जळकोट-देवणीहून आलेल्या मुली पुटपुटू लागल्या, की अप्पा गरजत, “आपलं नाव आपण वाचायचं. त्यात लाजायचं काय हाय?”

बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा माझा फॉर्म मी असाच भरल्या दुकानात वाचला. स्वतःचे नाव, वडिलांचे, आईचे. झेरॉक्ससाठी थांबलेली माणसे ऐकत होती आणि मी शरमेने लाल झाले होते. जन्मतारखेशी पोचले आणि अडखळले, कारण महिना चुकला होता. तो चुकीचा फॉर्म तसाच गेला असता, तर मी आज भौतिकशास्त्रात संशोधन करत नसते. माझ्या शिक्षणावर अनेकांचे ऋण आहे. त्यांत अप्पांच्या त्या गर्जनेचा क्रम फार वरचा लागतो.

म्हणूनच परदेशी विद्यापीठात निवड झाल्याचे पत्र आले, तेव्हा या सुट्टीत मी थेट त्यांच्याकडे गेले आणि मोबाइल पुढे धरला.

“काचेवरचं काय बघायचं?” अप्पा माझ्या कानाला म्हणाले. “ठेव तिकडं.”

मला ते लागले. पण अप्पा वादात गुंतले होते. संगणकाची नवी सिस्टीम येऊ घातली होती. तिच्यात सगळी बटणे नव्या जागी जाणार आणि पुढेमागे सारे काही बोटाने चालणार, अशी बातमी शेजारचे फोटो स्टुडिओवाले सलीमभाई घेऊन आले होते. बातमीबरोबर त्यांनी आपला नवा टचस्क्रीन लॅपटॉपही आणला होता.

“अप्पा, जमाना बदलून राहिला. कीबोर्ड आता म्युझियममधी द्या.”

“माझी बोटं न बघता धावतेत, सलीम. तुझ्या गुळगुळीत काचेवर बोटानं काय ओळखायचं? ना उंच, ना खोल.”

“बघून ओळखायचं! डोळे कशाला दिलेत?”

अप्पांनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाले, “आण इकडं तुझं खेळणं.”

नवे काम सुरू करताना कपाळावरच्या विभूतीला बोट लावायचे, हा त्यांचा रिवाज. त्याच बोटाने त्यांनी पडद्यावरचे ‘पुढे’ हे बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. तिसऱ्या खेपेस शेजारचे ‘रद्द’ दबले आणि सलीमभाईंनी नमुन्यादाखल भरलेला अख्खा फॉर्म नाहीसा झाला. दुकान हसले.

“बघितलं? नालायक यंत्र हाय!” म्हणत अप्पांनी बटण दाबून लॅपटॉपचा पडदा विझवला.

हसत हसत सलीमभाई चहा सांगायला गेले. मी मात्र काळ्या पडलेल्या काचेकडे पाहत राहिले. तिच्यावर विभूतीचे तीन पांढरे ठसे उमटले होते, जवळजवळ एकावर एक, आणि बटणाच्या जागेपासून दोन बोटे डावीकडे. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात : चुका विखुरलेल्या असतील तर हात थरथरला असेल, त्या एकाच बाजूला पडत असतील तर दोष पाहण्यातच आहे. मला तो कान आठवला, ती फूटपट्टी आठवली आणि मोठ्याने वाचायचा तो नियमही.

“किती वर्षं झाली, अप्पा?” मी हळूच विचारले.

त्यांनी अंगठ्याने काच पुसली. “तुझ्या फॉर्मच्या आधीपासनं. मधलं सगळं गेलंय, कडंकडंचं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. कानाकडं बघितलं की चेहरा जरा तरी घावतो.” मग आवाज खाली आला. “बोलू नको कुणाला. आंधळ्याकडं फॉर्म भरायला कोण येईल? ही पोरं यायची थांबली, तर मी दिवसभर कुणाशी बोलू?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय सुरू करून दिली. नवी सिस्टीम आली तरी बटणे जुन्याच क्रमाने कीबोर्डच्या कळांवर राहतील, अशी मांडणीही केली. सलीमभाईंनी विचारले, “हे कुणासाठी?” मी काही बोलण्याआधीच अप्पा म्हणाले, “माझ्यासाठी. मला दिसत न्हाई.”

सलीमभाई स्टुलावर बसले. मग गुरगुरले, “तरी इतक्या वर्षांत तुमच्याकडनं माझा एक फॉर्म चुकला न्हाई. आधी सांगितलं असतं, तर ते खेळणं आणलं असतं का मी?”

सोयीची परीक्षा म्हणून मी माझे पत्र लावले. यंत्र ठोकळ्यासारख्या आवाजात माझे नाव तोडून तोडून वाचू लागले. दुसऱ्याच शब्दाला अप्पांनी एक कळ दाबून त्याला गप्प केले. बोटाने ती न चाचपडता शोधली.

“ह्याला काय कळतंय? नाव वाचताना पोरींचा आवाज कसा ताठ होतो, ते ऐकायला तर मी इथं बसतो. तू वाच.”

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती. मी उभी राहिले आणि वाचू लागले.

“आईचं नाव राहिलं,” अप्पा मध्येच म्हणाले.

“पत्रात नाही, अप्पा.”

“नसू दे. वाच.”

मी वाचले.