खानोलकरांचं यारकंद

खानोलकर आम्हाला सुखाने जेवू देत नसत. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसात दुपारी एकला डबे उघडले की डोक्यावर नक्षीदार चौकोनी टोपी घातलेले हे स्टोअरकीपर प्लास्टिकचा जग घेऊन टेबलाभोवती फिरायचे. प्रत्येकाच्या हातावर तीनदा पाणी, आणि मग दम: ‘‘हात झटकायचे नाहीत! आमच्या यारकंदात तो घरच्यांचा अपमान समजतात.’’

आमचं यारकंद! वेंगुर्ल्याचा हा माणूस चीनच्या पश्चिम टोकाला, वाळवंटाच्या कडेला वसलेल्या उइगुर लोकांच्या गावी उणेपुरे बारा दिवस राहून आला होता. पण बोलायचा असा की जणू मुंज तिथेच झाली होती.

हे मला का झोंबायचं ते सांगतो. आमची कंपनी सुक्या मेव्याची. यारकंदहून बदाम आणि अक्रोड मागवायचं ठरलं, तेव्हा सगळी पत्रं मी लिहिली. व्हिसाची कागदपत्रं मी केली. जुन्या व्यापारी वाटांवरची पुस्तकं मी कॉलेजपासून वाचत आलेलो. शारजाच्या माझ्या फ्लॅटमध्ये पलंगामागच्या भिंतीवर नकाशा टांगलेला, त्यात यारकंदभोवती लाल गोल. आणि ऐन वेळी मॅनेजर म्हणाले, ‘‘साठे, सॉरी हबीबी. बदाम जिभेने घ्यायचा असतो. खानोलकर जाईल.’’

खानोलकर बदाम चावून तो गेल्या वर्षीचा की यंदाचा ते सांगत, हे खरं. पण यारकंद कुठे आहे हे त्यांनी मला विचारलं होतं! नकाशात बोट ठेवून मीच दाखवलं, तर म्हणाले, ‘‘बापरे, समुद्र केवढा लांब! मासे काय खातात रे हे लोक?’’

परत आले ते टोपी घालूनच. मनगटावर दुसरं घड्याळ, यारकंदच्या वेळेचं. मीटिंग ऐन रंगात आली की त्यात बघून म्हणायचे, ‘‘दोन तास पुढे आहेत ते. आता माझ्या यजमानांची म्हातारी अंगणात बदाम फोडत बसली असेल.’’ त्यांच्यासमोर खुबूसची रोटी पालथी ठेवायची सोय उरली नाही. रोटी उताणीच ठेवायची आणि दातांनी न तोडता हातांनी मोडून खायची. वर किस्से: पॉप्लरच्या रांगांमधून वाहणारे पाट, गाढवाच्या गाड्या, गच्चीवर वाळत घातलेले जर्दाळू, आणि पाहुण्यासाठी सबंध गल्लीने केलेला नाच.

‘‘नाचले म्हणे!’’ मी घरी बायकोपुढे चिडायचो. ‘‘या माणसासाठी गल्ली नाचेल?’’

एकदा माझ्या आठवीतल्या मुलाने व्हिडिओ गेममधून मान वर न काढता निकाल दिला, ‘‘पपा, यू आर जस्ट जेलस.’’

होतोच. वाटायचं, यातल्या निम्म्या तरी थापा असणार. एक पकडायला मिळावी, बस.

दोन वर्षांनी संधी आली. खानोलकरांचं ब्लड प्रेशर वाढलं, डॉक्टरने लांबचा प्रवास बंद केला आणि माझी वर्णी लागली. निघायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. टोपी काढून हातात धरली होती.

‘‘साठे, तिथे माझ्याविषयी फार बोलू नकोस हं.’’

मनात म्हटलं, सापडले!

दोन विमानं बदलून काश्गर आणि तिथून जीपने चार तास. यारकंदात आमच्या व्यापाऱ्याच्या, मेमेतजानच्या, घरी उतरलो. रावळपिंडीला धंदा केलेला असल्याने तो उर्दू बोलायचा. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसलो आणि हातावर तीनदा पाणी पडलं. पाट होते, पॉप्लर होते, जर्दाळू होते. संध्याकाळी कुणीतरी दोन तारांचं दुतार आणलं, शेजारी जमले आणि गल्ली खरोखर नाचली. थाप एकही निघाली नाही. पण जो तो विचारी, ‘‘खान भाई क्यूँ नहीं आए?’’ एकाने तर मला त्यांच्या चालीची नक्कल करून दाखवली. इतकी वर्षं नकाशा मी टांगला होता, आणि इथेही मी खानोलकरांच्या बदली आलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी मेमेतजानची म्हातारी आई माझ्याजवळ येऊन बसली. काहीतरी बोलली, त्यात एक शब्द ओळखीचा वाटला. सुमन.

मेमेतजान म्हणाला, ‘‘अम्मी पूछती हैं, खान भाई की बेटी सुमन दसवीं में पास हुई?’’

खानोलकरांना मुलगी नव्हती. लग्नच केलं नव्हतं त्यांनी. आधी बहिणींची लग्नं, मग गल्फ, आणि मग ‘राहूनच गेलं’. शारजाच्या मुवेला भागातल्या एका खोलीत चार जणांबरोबर ते एकोणीस वर्षं राहत होते.

म्हातारी सांगत होती. सुमन पालीला घाबरते. सुमनचे केस गुडघ्यापर्यंत आहेत. तिच्या परीक्षेसाठी म्हातारीने दर्ग्यात जाऊन दुआ मागितली होती, गुडघे दुखत असताना.

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ती थाप आयती हातात आली होती. एक वाक्य बोललो असतो तर खान भाई संपले असते, आणि मेमेतजानच्या मांडवाखाली पाहुणा म्हणून मी एकटा उरलो असतो. खोटं कशाला बोलू, ते वाक्य जिभेवर आलंही होतं.

म्हातारीने माझा गुडघा हलवला. ‘‘सुमन?’’

‘‘पास हो गई,’’ मी म्हणालो. ‘‘फर्स्ट क्लास.’’

तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि आत गेली. बाहेर आली ती निळ्या-पिवळ्या लाटांचं अतलस रेशीम घेऊन. पोरीच्या ड्रेससाठी.

हमरियाला परतल्यावर मी ते पार्सल स्टोअरमध्ये नेऊन खानोलकरांपुढे ठेवलं. ‘‘म्हातारीने दिलंय,’’ म्हणालो. ‘‘सुमनसाठी.’’

ते पोत्यावर खाली बसले. पार्सल सोडून कापडावरून हात फिरवू लागले.

‘‘पहिल्याच जेवणाला तिने विचारलं, मुलंबाळं किती,’’ ते म्हणाले. ‘‘इतक्या मायेने विचारलं रे, की नाहीत म्हणवेना.’’ मग माझ्याकडे न बघता, ‘‘तू काय सांगितलंस?’’

‘‘पास झाली म्हणालो. फर्स्ट क्लास.’’

‘‘टक्के किती?’’

हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. ‘‘बहात्तर,’’ मी म्हणालो.

खानोलकरांनी थोडा विचार केला.

‘‘मार्क इंग्रजीत गेले असणार,’’ ते म्हणाले. ‘‘लहानपणापासून इंग्रजीच कच्चं तिचं.’’