गायधनी साहेबांचा ताणकाटा

गायधनी साहेब कुणाला नमस्कार करत नाहीत. रविवारी पहाटे साडेपाचला इंदिरानगरात बागेसमोर आमच्या ट्रेकिंग ग्रुपची मिनीबस लागते. तिच्या दाराशी ते उभे असतात आणि येईल त्याला एकच सांगतात, "पाणी दाखवा." मग तुम्ही डॉक्टर असा, वकील असा, नाहीतर माझ्यासारखी विमा ऑफिसात खुर्ची उबवणारी शिरसाठ मॅडम असा.

दाखवा म्हणजे नुसतं दाखवून भागत नाही. बाटल्या एका वेगळ्या कापडी पिशवीत घालायच्या, तोंड बांधायचं आणि ती पिशवी साहेबांच्या ताणकाट्याला टांगायची. घड्याळासारखी तबकडी असलेला, भंगारवाल्याकडे असतो तसला काटा. साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुकानदारांना घाम फोडला, आता आमची पाळी. होळी झाली की माणशी तीन लिटर हा त्यांचा नियम. कमी भरलं तर "घोटाळा आहे" एवढंच म्हणतात आणि तुम्हाला घरी पाठवतात. एकीने अर्ध्या लिटरची गुलाबी बाटली आणली होती. साहेबांनी ती हातात घेऊन विचारलं, "औषध आहे का हे?" ती पुन्हा काही आली नाही.

पिशवी मात्र ते कधी उघडत नाहीत. उघडून बघणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं त्यांचं मत. "काटा सांगेल," म्हणतात.

आता हे ऐकून कुणाच्याही डोक्यात येईल ते माझ्या डोक्यात आलं. पाठीवर तीन लिटर घेऊन चढायचं म्हणजे माझे गुडघे बोंब मारतात. मी कुंडीखालचा दोन किलोचा चपटा दगड धुतला, फडक्यात गुंडाळला आणि एका बाटलीशेजारी ठेवला. काटा खूश, साहेब खूश. पायथ्याला बसमागे जाऊन दगड टाकून दिला. कुठे बोलले नाही, तरी महिन्याभरात निम्म्या ग्रुपला ही अक्कल आली. एकदा पायथ्याच्या गावातले एक आजोबा आमची ही दगडफेक बघत उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, आमच्याकडं दगड कमी हायेत म्हनून नाशकातून आनता का?" मी मान खाली घालून चालायला लागले.

यंदा मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. साहेबांच्या तपासणीला कंटाळून लोक ग्रुप सोडायला लागले. सेक्रेटरी निकम मला म्हणाला, "मॅडम, कमिटीचं ठरलंय. साहेबांना थांबायला सांगायचं. काटा नको, ते पण नकोत. तुम्ही गोड बोलता, तुम्हीच सांगा." मी गोड बोलते हे मला तेव्हाच कळलं. पण ही ब्याद टळली तर बरंच, असं मलाही वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

रंगपंचमीनंतरच्या रविवारी कळवणच्या बाजूचा एक डोंगर ठरला होता. साहेब नेहमी सगळ्यांच्या मागे चालतात, पाठीवर ती भली मोठी सॅक घेऊन. उतरताना मुद्दाम रेंगाळायचं, त्यांना गाठायचं आणि सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. वर पोचायलाच बारा वाजले होते. दगडासोबत आणलेली माझी एकुलती एक बाटली वाटेतच संपली होती. उतरताना बाकीचे पुढे निघून गेले आणि माझ्या लक्षात आलं की मला घाम येत नाहीये. अंगावर काटा आला होता, भर उन्हात. पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडत होते. मी एका पळसाखाली बसले. झाड फुलांनी लालभडक, पानाचा पत्ता नाही, सावली शून्य. आपण इथेच मरणार, असं मला स्पष्ट वाटलं. मी घाबरले.

साहेब आले. माझ्या डोक्यावर ओला पंचा टाकला, सॅक उघडली आणि दोन बाटल्या काढून पुढे ठेवल्या.

"घोट घोट प्या. तुमच्याच आहेत."

"माझ्या?"

"दगडाच्या बदल्यातल्या."

सॅकमध्ये आणखी सहा-सात बाटल्या दिसत होत्या. "त्या दोन निकमच्या," ते म्हणाले. "बाकीच्यांची नावं आता नको."

बोलता येण्याइतका घसा ओला झाल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कळत होतं?"

"पाणी हलतं, मॅडम. बाटली कितीही भरा, पिशवी टांगली की सुई जरा वेळ थरथरत राहते. दगड टांगला की जागच्या जागी उभी. हे नाही कळलं तर तीस वर्षं नोकरी कसली केली मी?"

"मग पकडलं का नाहीत?"

"पकडलेला माणूस रागावून ग्रुप सोडतो आणि पुढच्या रविवारी एकटाच डोंगरावर जातो. एक बाटली घेऊन. त्यापेक्षा मी वाहतो."

निकमचा निरोप माझ्या तोंडात होता आणि तो बाहेर काढायची मला लाज वाटत होती. साहेब सॅकचे बंद आवळत बसले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची ही पण यायची. होळीच्या पुढचाच रविवार होता. तिची पिशवी मीच टांगली. तीन किलो दोनशे. बरोबर. आत एकच बाटली होती. बाकी पुरणपोळ्यांचा डबा आणि तुपाची बरणी. मला डोंगरावर भूक लागते ना, म्हणून. वर बसून मी चार पोळ्या खाल्ल्या. वरून तिचंच पाणी प्यालो. माझं संपलेलं नव्हतं, तिची बाटली हाताशी होती म्हणून. उतरताना अशीच बसली, तुमच्यासारखी. उठली नाही."

मला रडू आलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "साहेब, तुम्हाला कसं कळणार होतं? वजन तर बरोबर होतं."

"सुई हलली नव्हती," ते म्हणाले. "मला दिसलं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हटलं जाऊ दे."

मग ते उठले, मला हाताला धरून उठवलं आणि आम्ही सावकाश खाली आलो. बसपाशी निकमने हळूच विचारलं, "सांगितलंत का?" मी साहेबांच्या सॅकमधून त्याच्या दोन बाटल्या काढून त्याच्या हातात दिल्या आणि त्या कुणी, कशासाठी वाहून आणल्या ते सांगितलं. त्याने नंतर तो विषय काढला नाही.

पुढच्या रविवारी मी तीन लिटर पाणी भरलं. गुडघे गेले खड्ड्यात. साहेब दाराशी उभे होते. "पाणी दाखवा," म्हणाले, मागच्या आठवड्यात काही झालंच नाही अशा आवाजात. मी पिशवी टांगली. ते आकड्याकडे बघतच नव्हते. सुई थरथरत होती आणि ती पूर्ण थांबेपर्यंत त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही. मागे रांग खोळंबली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. साहेबांनी वर पाहिलं नाही. पिशवी उतरवून माझ्या हातात दिली आणि पुढच्याला म्हणाले, "पाणी दाखवा."