द्वारकाताईंचं छप्पर आणि अर्ध्याहून जास्त लोखंड

बसलात का सगळे? पाय आत घ्या, आणि मध्येच पाणी मागायचं नाही. तर एका जंगलात एक टेकडी होती आणि ती हिरवीगार होती. गवतानं नाही रे! दगडच हिरवा. खारी बिस्किटासारखा थराथरांचा, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. विद्वान लोक त्याला क्लोराइट म्हणतात. म्हणा, क्लोराइट! शाब्बास. आता विसरलात तरी चालेल.

या टेकडीच्या पोटात द्वारकाताई नावाची सायाळ राहायची. सायाळ म्हणजे तीच, पाठभर काटे असलेली. तुम्ही तिला साळिंदर म्हणता. हिरव्या दगडाची एक भलीमोठी लादी म्हणजे ताईंचं छप्पर. ताईंचे दिवस भरत आले होते. आज-उद्यात पिल्लं होणार, म्हणून त्यांनी आत मऊ पाला अंथरून ठेवला होता.

तेवढ्यात भालेराव आले. भालेराव म्हणजे लोहारकाम करणारं अस्वल. त्यांच्या भट्टीवर नाल, विळे, अडकित्ते बनायचे. जंगलात अडकित्ता कोण वापरतं, हे मला विचारू नका.

"ताई, तेवढी लादी काढून नेतो," भालेराव म्हणाले. "लोखंडाचा दगड भट्टीचा, असा नियम आहे आपल्याकडे."

"अहो, पण हा हिरवा आहे की!"

"काळपट हिरवा आहे. आत लोखंड भरलंय, बघा."

"आणि पिल्लं कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

भालेराव लाजले. मनानं चांगलेच होते बिचारे. म्हणाले, "मग असं करू, समितीलाच विचारू. समिती म्हणेल तसं."

इथेच चुकलं बघा! पण पुढे ऐका.

समिती एका काळ्या दगडाच्या गुहेत राहायची. छान थंडगार गुहा, आत पाण्याचा झरा. अध्यक्ष दंतोपंत हत्ती. सभासद दोन, चोचेसर हा धनेश पक्षी आणि मुंगसेबाई ही मुंगूस. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे, म्हणून तर समिती नेमली होती.

चोचेसरांनी घसा साफ केला. "या दगडात लोखंड आणि मॅग्नेशियम एकाच बाकावर बसतात. एक उठलं की त्याच्या जागी दुसरं. लोखंड अर्ध्याहून जास्त निघालं तर दगड भट्टीत. कमी निघालं तर ताईंचा. सोपं आहे!"

मग सरांनी छपराचा एक तुकडा तोडला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "लोखंड जास्त! या प्रकाराला मी नाव देतो, चोचाइट."

"बघू इकडे," मुंगसेबाई म्हणाल्या, आणि एकदम मागे सरकल्या. "अगं बाई, उष्टा नमुना? मी नाही हो तोंड लावणार! मला ताजा पाहिजे."

ताजा तोडला. बाईंनी चाखला. "लोखंड कमी! हा मुंगसाइट."

आता निकाल अध्यक्षांच्या हाती. पण दोघांचं उष्टं अध्यक्षांनी कसं खायचं? बरं दिसतं का ते? दंतोपंतांनी सोंडभर ताजा नमुना घेतला आणि मिटक्या मारत म्हणाले, "निम्मं-निम्मं. याचं नाव दंताइट."

झालं! बातमी पसरली. शेजारच्या जंगलांतून विद्वान आले. तरस आले, घुबडं आली, एक कासव तर आधीच निघालेलं होतं म्हणे. प्रत्येकाला ताजा नमुना, प्रत्येकाचं वेगळं नाव. कावळाइट झालं, तरसाइट झालं. काय ती धमाल! भाषणं काय, हारतुरे काय! आणि छप्पर रोज पातळ.

"अहो, मला आतून आभाळ दिसायला लागलंय!" द्वारकाताई ओरडल्या.

"वा!" दंतोपंत म्हणाले. "नोंद घ्या, दगड पारदर्शक आहे."

"माझ्या पोटात कळा येतायत!"

"ताई, शास्त्रात घाई चालत नाही."

शेवटी लादीचा शेवटचा तुकडा एका पाहुण्या बगळ्यानं मटकावला, आणि त्याच दिवशी निकाल लागला. दंतोपंतांनी सोंड उंच केली. "ही सगळी नावं एकाच दगडाची निघाली! म्हणून सगळी नावं रद्द. असा कोणताही वेगळा प्रकार अस्तित्वात नाही."

टाळ्यांचा कडकडाट!

"आणि माझं छप्पर?" ताईंनी विचारलं.

"जो प्रकार नाही, त्याचं छप्पर कसं असेल?" चोचेसर म्हणाले. मुंगसेबाईंनी मान डोलावली. दोघांचं एकमत झालं म्हणून पुन्हा टाळ्या.

भालेराव खाली बसून हुंदके देऊ लागले. "मला एक अडकित्तासुद्धा नाही मिळाला हो!"

द्वारकाताई मात्र रडल्या नाहीत. रागानं त्यांचा नुसता फणफणाट झाला होता. सगळे हार घालून घेत होते, तेव्हा त्या तडक समितीच्या गुहेत शिरल्या, पाठ दाराकडे केली आणि काटे फुलवले.

समिती परत आली. दंतोपंत म्हणाले, "ताई, ही आमची गुहा आहे."

"कशावरून?" ताई आतून म्हणाल्या. "हिचा दगड कोणत्या प्रकारचा, ते ठरलंय का?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. ठरलेलं नव्हतं! चोचेसरांचे डोळे चमकले. मुंगसेबाई टुणकन उडाल्या. "नमुना घ्यायला आत येऊ?"

"बाहेरूनच घ्या. काळा पहाड आहे, पुष्कळ पुरेल."

त्या संध्याकाळी गुहेत द्वारकाताईंना दोन गोजिरवाणी पिल्लं झाली. भालेरावांनी बाळंतिणीसाठी मधाचं पोळं आणलं आणि झऱ्याचं पाणी तापवून दिलं. बाहेर भर थंडीत समितीची चर्चा रंगली होती.

मध्येच दंतोपंतांनी हळूच विचारलं, "ताई, पिल्लं कोणत्या वर्गात घालू या?"

ताईंनी काटे खळखळ वाजवले. दंतोपंत चार पावलं मागे गेले आणि म्हणाले, "तो विषय पुढच्या बैठकीत."

तात्पर्य, आणि हे शाळेत सांगू नका: विद्वानांशी कधी भांडू नये. त्यांना एखादा छानसा विषय द्यावा, आणि ते चर्चेला बसले की त्यांच्या घरात राहायला जावं.