भोकं बनवणारे राऊतकाका

राऊतकाकांच्या हातात नवा कप दिला, की चहा ओतायच्या आधी ते तो उलटा करतात आणि बुडाला जीभ लावतात. चिकटली, तर माती ओल शोषते, म्हणजे तिला छिद्रं आहेत. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आईने घाबरून विचारलं होतं, "कपाला काही लागलंय का हो?"

वसई पूर्वेला एका गाळ्यात आम्ही सिरॅमिकच्या गाळणनळ्या बनवतो. मी तपासणी बघते, काका माती आणि भट्टी. ॲल्युमिनाच्या पांढऱ्या भुकटीत स्टार्च मळायचा, नळ्या काढायच्या, वाळवायच्या, भाजायच्या. भट्टीत स्टार्च जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. त्यांतून पाणी जातं, तेल अडतं. लग्नात कुणी विचारलं, "आपण काय करता?" की काका म्हणणार, "भोकं बनवतो." समोरचा सटपटला, की पुढचं वाक्य ठरलेलं, "आपोआप पडतात ती वेगळी. आमची मापात असतात."

बेकरीत पाव मधोमध फाडून "आज यीस्टला घाई होती" असं ते बेकरीवाल्यालाच ऐकवतात. माझ्या डब्यातलं घावन उजेडासमोर धरून "वा, जाळी पडलीय!" म्हणतात आणि न खाताच परत देतात.

गेल्या वर्षी मात्र काका अडले. एका कारखान्याला सांडपाण्यातलं तेल वेगळं करायला लांब नळ्या हव्या होत्या. आमच्या नळ्या वाळतानाच केळ्यासारख्या वाकायच्या, भट्टीत तडकायच्या.

"काका, जमत नसेल तर नाही सांगून टाकू," मालक म्हणाले.

दोष वाऱ्याचा होता. झुळूक लागलेली बाजू आधी आखडायची. प्लास्टिक गुंडाळलं, तर आत पाणी साचायचं. शेवटी काका म्हणाले, "मेघना, थोड्या नळ्या भुईगावला नेऊ. माझ्या घरी."

टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकला. तिथून ओल्या नळ्यांच्या फळ्या आम्ही दोघांनी, पाळणा न्यावा तशा, हळूहळू उचलून नेल्या.

काकू गेल्यापासून काका एकटेच राहतात. त्यांनी मागची बंद खोली उघडली. आत एक पलंग. खिडकीच्या फटींवर पिवळे पडलेले कागदाचे पट्टे चिकटवलेले.

"शेवटी शेवटी तिला वारा सोसत नसे," काका म्हणाले. "बोट फिरवून एकेक फट शोधली होती मी. इथे मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नाही."

पलंगावरची चादर त्यांनी स्वतः काढली, घडी घातली आणि तिथे फळ्या मांडल्या.

नळ्या सरळ वाळल्या. भाजल्यावर मी त्या पाण्यात बुडवून आतून हवा दाबली. कुठे तडा असता, तर तिथून आधीच बुडबुडे सुटले असते; एकाही नळीतून असा चुकार बुडबुडा आला नाही. मालकांनी पेढे वाटले आणि गाळ्यात तशीच बिनवाऱ्याची खोली बांधायला घेतली.

ती झाल्यावर मी फळ्या परत आणायला भुईगावला गेले. काका स्टुलावर चढून ओल्या फडक्याने खिडकीवरचे पट्टे सोडवत होते. मी स्टूल धरून उभी राहिले. शेवटचा पट्टा निघाला, तशी त्यांनी दोन्ही हातांनी खिडकी ढकलली. वाडीतला वारा आत आला.

काका खाली उतरले, पलंगाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "बस गं जरा. घाई नाही ना तुला?"