डिलीटच्या जागेवरचं बटण

किनवटला तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली आम्ही सात टायपिंगवाले टेबलं टाकून बसतो. त्या सातांत सर्वांत चपळ बोटं माझी. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर बडवला, मग कॉम्प्युटर, मग लॅपटॉप. गिऱ्हाईक समोर बसून भावाला शिव्या घालत असतं आणि इकडे माझं वाटणीपत्र तयार होत असतं. बोटांकडे मी बघतसुद्धा नाही.

माझा जुना लॅपटॉप विटेसारखा होता. जड, जाड आणि भरवशाचा. बटण दाबलं की टक्क वाजायचं, म्हणजे अक्षर उमटलं हे चार टेबलांपलीकडे कळायचं. उजवीकडे आकड्यांची वेगळी चौकट. दोन्ही अंगांना भोकंच भोकं, कुठलीही वायर आणा, तिची सोय व्हायची. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या, अर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी उसळली आणि त्याच आठवड्यात त्यानं डोळे मिटले.

शनिवारी आमची सृष्टी पुण्याहून नवा लॅपटॉप घेऊन आली. पोरगी कमावती झाली याचं मला कौतुक वाटलं. लॅपटॉप बघितल्यावर ते जरा कमी झालं.

"हा अर्धाच दिला का त्यांनी?" मी विचारलं.

"बाबा, आता असेच येतात."

"आकड्यांची चौकट कुठं गेली?"

"ती आता लागत नाही."

"अन् प्रिंटरची वायर कुठं खुपसू? दोनच भोकं, ती बी चिंचोक्याएवढी."

"जास्त पोर्ट आता लोकांना लागत नाहीत, बाबा."

हे लोक कोण, मला आजपर्यंत भेटलेले नाहीत. मला लागतात, शेजारच्या टेबलावरच्या गुरुपादप्पाला लागतात, झेरॉक्सवाल्याला लागतात. पण कंपनीनं ज्यांना विचारलं असेल ते किनवटला कधी आलेले नसावेत.

मग सृष्टी म्हणाली, "पासवर्डची कटकट नको, अंगठा लावा." कोपऱ्यात एक गुळगुळीत बटण होतं, त्यावर मी अंगठा ठेवला. लॅपटॉपनं घेतला नाही. डावा ठेवला, तोही नाही. त्यात नवल काहीच नव्हतं. टायपिंग करून करून माझ्या बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेल्यात. रेशनच्या दुकानातली मशीनही मला ओळखत नाही. तिथं बायकोच्या अंगठ्यावर धान्य मिळतं, तीच रीत घरात लागली. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "सिंधु, अंगठा!"

सिंधु हाताचं पीठ पुसत आली, अंगठा ठेवून परत भाकरीकडे गेली. तिला कशासाठी बोलावलं हेही तिनं विचारलं नाही. सवयच आहे.

"पिन पण लक्षात ठेवा," सृष्टी म्हणाली. "चारच आकडे आहेत."

"घरात अंगठा असताना आकडे कशाला? माझ्या डोक्यात आधीच अर्ध्या तालुक्याचे गट नंबर हायत," मी म्हणालो आणि चहा प्यायला उठून गेलो. या वाक्याची मला आता फार लाज वाटते, पण ते मी म्हणालो होतो.

रविवारी सृष्टी पुण्याला गेली. सोमवार हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंतच मुदत. आणि नेमकी सोमवारीच गल्लीतल्या बायकांची जीप माहूरला निघाली. सिंधुचं रेणुकामातेचं दर्शन दोन वर्षांपासून राहिलं होतं. कधी माझं गुडघ्याचं दुखणं निघालं, कधी पाहुणे. तिनं सकाळी सातला लॅपटॉप उघडून दिला आणि चप्पल घालता घालता बजावलं, "झाकू नका. झाकला की परत अंगठा मागतंय."

"मला काय कळत न्हाई का?"

ती जीपमध्ये जाऊन बसली.

मी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आरतीच्या ताटासारखा धरून रिक्षात बसलो. कडुलिंबाखाली पोचलो तर पन्नासएक माणसं. सातही टेबलांना लोक लगडलेले. गुरुपादप्पा दोन बोटांनी टाइप करतो. देगलूरकडून येऊन वीस वर्षं झाली, बोटं अजून दोनच. त्यानं चष्म्यावरून बघितलं.

"रामकिशन, झाकण आणलंस. डबा कुठं हाय?"

"बघ आता पळवतो कसा," मी म्हणालो.

पहिलं गिऱ्हाईक सरजाबाई. इस्लापूरच्या पलीकडची वाडी. पन्नाशीची बाई, अंगावर इस्त्रीची पांढरी साडी, सोबत सून धम्मप्रिया. सुनेच्या हातातल्या पिशवीत सगळे दाखले ओळीनं लावलेले. एवढी तयारी करून आलेला उमेदवार मी बऱ्याच वर्षांनी बघत होतो.

"तीन खेपा झाल्या भाऊ, आमच्या वार्डात बिनविरोधच होऊन राहिलंय," सरजाबाई म्हणाल्या. "पारावर चार माणसं बसतेत अन् नाव ठरवतेत. आमच्या वस्तीला कुणी इचारत न्हाई. आवंदा मतदानाच्या मशीनवर माझं बी नाव पाहिजे. मग पडले तरी चालंल."

"तीनला खिडकी बंद होते ना?" धम्मप्रियानं विचारलं.

"ताई, माझ्याकडं आलात ना? बाराच्या आत मोकळं करतो," मी म्हणालो.

पहिली अडचण प्रिंटरची. त्याची जुनी वायर आणि ते चिंचोक्याएवढं भोक यांची गाठ काही पडेना. मी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. धम्मप्रियानं थोडा वेळ बघितलं, मग पर्समधून मोबाइलचं एक बारकं जोडणीचं टोक काढलं आणि ते मध्ये बसवलं. प्रिंटर घरघरला. मी म्हणालो, मी हेच सांगणार होतो.

टायपिंग सुरू झालं. बटणं इतकी सपाट की दाबलं की नुसतं गोंजारलं ते समजायला पडद्याकडं बघावं लागायचं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी बघून टाइप करत होतो. गर्दीतल्यांना काम नव्हतं, त्यामुळे त्यांनी मतं द्यायला घेतली.

"आवाज न्हाई याचा. चालू हाय का?"

"लई पातळ हाय. वाऱ्यानं उडंल."

"आकडे वरच्या वरच हायत जी. खाली का न्हाई दिले?"

"जुनाच बरा होता," गुरुपादप्पानं निकाल दिला. त्याला माझा जुना लॅपटॉप कधीच आवडला नव्हता.

तरी पावणेबाराला शपथपत्राची आठ पानं होत आली. शेवटच्या पानावर एक अक्षर जास्त पडलं. ते खोडायला माझी करंगळी आपोआप वरच्या उजव्या कोपऱ्यात गेली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्या कोपऱ्यात डिलीटचं बटण होतं. त्याआधीच्या कॉम्प्युटरवरही तिथंच. नव्यावर त्या जागी चालू-बंदचं बटण आहे, आणि तेच अंगठ्याचंही.

पडदा काळा झाला.

मी बटण पुन्हा दाबलं. पडदा उजळला आणि त्यानं अंगठा मागितला.

"काय झालं?" सरजाबाईंनी विचारलं.

"जरा दम खातंय," मी म्हणालो. घाम मला फुटला होता.

माझा अंगठा चालणार नाही हे ठाऊक असूनही मी ठेवला. म्हटलं, नवराच आहे, चालवून घेईल. घेतला नाही. अंगठा पँटला पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला. मग पिनची आठवण झाली. लग्नाचं साल टाकलं, स्कूटरचा नंबर टाकला, सृष्टीचा वाढदिवस टाकला. दोन-तीन वेळा त्यानं चूक सांगितली, मग थोड्या वेळानं प्रयत्न करा म्हणाला. सृष्टीला फोन लावला तर बंद. तिच्या कंपनीत फोन गेटवर जमा करून घेतात.

धम्मप्रिया सरळ जाऊन गुरुपादप्पाच्या रांगेत उभी राहिली. तिचा नंबर एकोणिसावा होता, आणि गुरुपादप्पाला एका माणसाला पाऊण तास लागतो. हा हिशोब तिनंही केला असणार, कारण उभ्या उभ्या तिचा चेहरा उतरत गेला.

मी सिंधुला फोन लावला. भोवती वीस माणसं कान देऊन उभी. माझा लॅपटॉप बायकोच्या अंगठ्यानं उघडतो हे गुरुपादप्पासमोर सांगायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे मी शक्य तितक्या कमी शब्दांत बोललो.

"कुठं हायस?"

"अर्ध्या पायऱ्या चढले. का हो?"

"हाय तशी निघ. कचेरीपुढं ये."

"काय झालं? तुम्हाला बरं हाय ना? सृष्टीचा फोन आलता का?"

"आल्यावर सांगतो. लवकर ये." आणि मी फोन ठेवला.

पुढचे अडीच तास कसे गेले ते मी सविस्तर सांगत नाही. माझी बाकीची गिऱ्हाईकं एकेक करून दुसऱ्या टेबलांकडे सरकली. सरजाबाई मात्र माझ्यासमोरच्या स्टुलावरून उठल्या नाहीत. त्यांची आठ पानं त्या काळ्या पडद्याआड अडकली होती, जाणार कुठं? मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दर दहा मिनिटांनी फक्त विचारायच्या, "भाऊ, किती वाजले?" आणि मी सांगायचो. फाटकापाशी त्यांच्या गावचे दोघे जण पान चघळत उभे होते, अर्ज कोण भरतंय ते बघायला. एक वाजल्यावर ते हसायला लागले.

दोन वाजून वीस मिनिटांनी जीपमधून सिंधु उतरली. पदर खांद्यावरून घसरलेला, चप्पल हातात, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. ती धावत आली आणि माझ्या छातीला, खांद्याला हात लावून बघायला लागली.

"काय झालं? कुणाला काय झालं?"

"अंगठा लाव," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे, मग भोवतीच्या माणसांकडे. कडुलिंबाखाली सगळी टेबलं थांबली होती, गुरुपादप्पाची दोन्ही बोटं हवेत होती. सिंधुनं पदरानं अंगठा पुसला आणि बटणावर ठेवला. लॅपटॉप क्षणात उघडला. आठही पानं जागच्या जागी होती. पण त्यावर एक चौकोन आला होता. नवा लॅपटॉप कसा वाटला? कीबोर्ड, पोर्ट आणि डिझाइनला तारे द्या.

"एक द्या," मागून कोणीतरी म्हणालं.

"एक बी कशाला?" गुरुपादप्पा म्हणाला.

सिंधुनं तो चौकोन बोटानं बाजूला सारला. मग माझ्या शेजारी बसली आणि त्या कोपऱ्यातल्या बटणावर तळहात झाकून ठेवला. "करा आता," ती म्हणाली. उरलेलं पान मी असं टाइप केलं. माझी करंगळी दोनदा सवयीनं वर गेली आणि दोन्ही वेळा तिच्या बांगड्यांना लागली.

पावणेतीनला पानं छापून झाली. सरजाबाईंनी प्रत्येक पानावर सावकाश, पूर्ण नावाची सही केली. धम्मप्रियानं कागद लावले आणि दोघी कचेरीत पळाल्या. तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती. फाटकापाशी पान चघळणाऱ्यांनी वाटेतून अंग काढून घेतलं.

साडेतीनला त्या बाहेर आल्या. सरजाबाईंच्या हातात पोच होती. ती त्यांनी मला दाखवली, गुरुपादप्पाला दाखवली, झेरॉक्सवाल्याला दाखवली. मग सिंधुचे हात हातात घेतले. "ताई, माझ्यापायी तुमचं दर्शन राहिलं."

"तुमच्यापायी न्हाई, बाई," सिंधु म्हणाली.

त्या गेल्यावर मी चहा मागवला. सिंधुनं कप हातात घेतला. "जीपमधी सगळ्या बाया मला धीर देऊन राहिल्या होत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही गेलात. अन् कुणीतरी तुमच्या आवाजात बोलून राहिलंय." मला खरंच वाईट वाटलं. चुकलं माझं, असं मी म्हणालो, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"पण फोनवर का न्हाई सांगितलं, लॅपटॉप बंद पडला म्हणून?"

"सांगून काय उपयोग? फोनवरून अंगठा कसा लागंल?"

"अंगठा कशाला? पिन हाय की. सृष्टीनं सांगितला तवा तुम्ही चहा प्यायला उठलात. मी भाकरी थापत ऐकला. चार आकडे. पायरीवर उभी राहून सांगितले असते अन् वर गेले असते."

शेजारच्या टेबलावर गुरुपादप्पाचा चहा नाकात गेला. तो बराच वेळ खोकत होता.

"मग आता सांग," मी हळू आवाजात म्हणालो.

सिंधुनं चहा संपवला, चप्पल घातली आणि घरी निघून गेली. येत्या शुक्रवारी आम्ही दोघं माहूरला निघालोय. तोवर अंगठाही नाही अन् पिनही नाही, म्हणून माझं टेबल बंद आहे. वर गडावर जाऊन, दर्शन घेऊन, खाली उतरल्यावर सांगते म्हणालीय.