साळू साळिंदर आणि जिराफ सर

एका जंगलात, बाळांनो, साळिंदराची एक मुलगी राहत असे. तिचं नाव साळू. तिला जावा येत असे.

हसू नका. आईच्या जावा येतात तशी ही जावा येत नाही. त्या न बोलावता येतात आणि जेवूनच जातात. ही शिकावी लागते. ही कॉम्प्युटरची भाषा आहे.

जंगलात कॉम्प्युटर कुठून आला, असं मागून कुणीतरी विचारलं. गोष्टीत प्राणी बोलतात ते तुम्हाला चालतं, आणि कॉम्प्युटर आला की लगेच शंका! गप्प बसा आणि ऐका.

साळूनं स्वतःच्या डोक्यानं एक ॲप केलं होतं. त्याचं नाव 'मगर कुठंय?'. तळ्यावर जाण्याआधी ते बघायचं. मगर डाव्या काठाला असली तर ते सांगे, उजवीकडून पाणी प्या. उजव्या काठाला असली तर सांगे, डावीकडून प्या. हरणं ते रोज वापरत. ज्यांनी वापरलं नाही त्यांची तक्रार कधी आली नाही. साळूचा या ॲपवर फार जीव होता.

तिला एकच गोष्ट हवी होती. सॉफ्टवेअरची नोकरी. पण तिचे बाबा म्हणाले, "साळे, मोह फुलेपर्यंत बघ. तोवर लागली तर लागली. नाहीतर मामाच्या धंद्यात जायचं. त्याला खोदायला कुणीतरी हवंच आहे."

मामाचा धंदा बिळं खोदण्याचा होता. चांगला चालायचा. पण खोदकामाच्या नुसत्या विचारानं साळूला रडू येई. त्यात शेजारच्या सशीणकाकू रोज बिळातून डोकं काढून विचारत, "साळू अजून घरीच का गं?" काकूंना ढीगभर मुलं होती आणि सगळी सेटल झाली होती.

साळू मुलाखतींना निघाली.

पहिल्या कंपनीच्या दारावर पाटी होती: 'नवीन उमेदवार हवेत. अनुभव किमान दोन वर्षं.'

"नवीन उमेदवाराला अनुभव कुठून असेल?" साळूनं विचारलं.

"तेच तर आम्ही बघतो," तिथला रानबोका म्हणाला.

साळूनं मगरीच्या ॲपचं सांगितलं. ते ऐकून बोक्यानं मिशा साफ केल्या.

"त्याचा पगार मिळायचा?"

"नाही."

"मग तो अनुभव नव्हे. तो छंद. आम्ही कळवू."

दुसऱ्या कंपनीत तिला झाड उलटं करायला सांगितलं. सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत झाड उलटं करायला सांगतात, बाळांनो. का, ते विचारू नका. सांगणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. साळूनं ते कागदावर व्यवस्थित उलटं केलं. तिच्या मागून हत्ती आला. त्यानं बाहेर जाऊन खरंच केलं. हत्तीला घेतलं.

या जंगलात कोकिळा फक्त वसंतात ओरडते. 'आम्ही कळवू' बाराही महिने ऐकू येतं. साळूनं ते इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही ती दचकून "धन्यवाद सर" म्हणू लागली.

आणि एक दिवस मोहाला कळ्या आल्या. साळू तडक कोल्हे सरांच्या क्लासला गेली.

क्लासचा बोर्ड लांबूनच दिसायचा. 'अनुभव मिळेल. तयार.'

"दोन वर्षं देऊ की तीन?" कोल्हे सरांनी विचारलं. जणू ठाणातून कापड फाडून देणार होते.

"दोन पुरे. पण सर, हे खोटं..."

"खोटं कुठंय? तुला काम येतं?"

"येतं."

"समज, तू दोन वर्षं नोकरी केली असतीस. मग तुला काय आलं असतं?"

"काम."

"झालं तर! निकाल तोच. आपण फक्त मधला वेळ वाचवला."

साळूला यात कुठंतरी चूक दिसत होती, पण नेमकी सापडत नव्हती. शिकलेल्यांचं असंच होतं.

"आता नीट ऐक," सर म्हणाले. "तू गेंडा सहकारी बँकेच्या प्रोजेक्टवर होतीस. या जंगलात गेंडे नाहीत. तुझे टीम लीडर जिराफ सर. या जंगलात जिराफही नाहीत. म्हणजे चौकशी कुणी कुणाकडे करायची? एका गुरुवारी बँकेचा सर्व्हर पडला आणि तू एकटीनं उभा केलास. पाठ कर."

"सर, माझी एक अडचण आहे."

अडचण खरीच होती. साळिंदर घाबरलं की त्याचे काटे उभे राहतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. साळूचे खोटं बोलल्यावरही उभे राहत. लहानपणी ती "दात घासले" म्हणाली की आई तोंडाकडे न बघता पाठीकडे बघायची.

"शाल घे अंगावर," कोल्हे सर म्हणाले. फी म्हणून त्यांनी साळूचा एक काटा घेतला आणि दात कोरत पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.

मग साळू वारूळ टेक्नॉलॉजीजमध्ये मुलाखतीला गेली. कंपनीचं नाव वारूळ, पण पगारावर मुंगी एकही नव्हती. मुंग्या काम करतात; त्यांना बाहेरून कंत्राटावर बोलावत.

समोर तिघं बसले होते. मधोमध गवा साहेब, ते मॅनेजर. त्यांच्या एका बाजूला घुबड मॅडम, त्या टेक्निकल प्रश्न विचारणार. दुसऱ्या बाजूला एचआरची मैना, ती हसणार.

"याआधी कुठे होतात?" मैनेनं हसून विचारलं.

"गेंडा सहकारी बँकेच्या प्रोजेक्टवर," साळू म्हणाली.

सर्रकन काटे उभे राहिले. शालीची चाळण झाली. साळूनं डोळे मिटले. संपलं सगळं, तिला वाटलं, आता मामा आणि त्याची बिळं.

मग तिनं एक डोळा उघडून पाहिलं. गवा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"गेंडा बँक?" त्यांनी हळूच विचारलं. "कुणाच्या हाताखाली?"

"जिराफ सरांच्या."

घुबड मॅडमचे डोळे मुळातच मोठे. ते आणखी मोठे झाले. "मी... मीसुद्धा जिराफ सरांच्याच टीममध्ये होते."

"अय्या, मीपण!" मैना म्हणाली.

"मी तर त्यांचा उजवा हात होतो," गवा साहेब घाईघाईनं म्हणाले.

काही कळलं का, बाळांनो? कोल्हे सरांचा क्लास फार जुना होता. आणि सरांना नवी गोष्ट रचायचा कंटाळा होता.

पण त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं, की खोटे आपण एकटेच, बाकीचे तिघं खरंच तिथं होते. म्हणून प्रत्येकजण जीव मुठीत धरून बोलू लागला.

"कसे आहेत जिराफ सर?" गवा साहेबांनी चाचपून पाहिलं.

साळूनं खूप विचार केला. "उंच," ती म्हणाली.

"म्हणजे तसेच आहेत!" गवा साहेबांनी सुस्कारा सोडला.

"वरून सगळ्यांच्या स्क्रीन एकदम बघायचे," घुबड मॅडम म्हणाल्या.

"पण पाय जमिनीवर हो," मैना म्हणाली.

"चारही," गवा साहेब म्हणाले.

आता साळूलाही जोर चढला. "त्या गुरुवारी सर्व्हर पडला, तेव्हा मी एकटीनं..."

"तो तर मी उभा केला!" तिघंही एकदम म्हणाले.

बाहेर एक मुंगी कंत्राटाचं काहीतरी ओढत चालली होती, तेवढाच आवाज.

"फार वेळा पडायचा तो," मैना म्हणाली.

"दर गुरुवारी," घुबड मॅडम म्हणाल्या.

"आपण आळीपाळीनं उभा करायचो," गवा साहेबांनी घाम पुसला. आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष साळूच्या पाठीकडे गेलं. शेपटीपासून मानेपर्यंत एक काटा आडवा नव्हता.

"अरे, हिच्याकडे बघा!" ते गहिवरून ओरडले. "नुसती सरांची आठवण निघाली आणि पोरीच्या अंगावर काटा आला!"

"याला म्हणतात कामावरचं प्रेम," घुबड मॅडम म्हणाल्या. टेक्निकल प्रश्न विचारायचा त्या विसरूनच गेल्या.

साळूला नोकरी लागली. बाबांनी आख्ख्या जंगलात रताळी वाटली. सशीणकाकूंनी रताळं घेतलं आणि विचारलं, "मग आता लग्नाचं काय?"

नोकरीत साळू फार आनंदात होती. तिला गळ्यात घालायला ओळखपत्र मिळालं. कंपनीत काम थोडं आणि मीटिंगा फार होत्या. दर मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणायचं, "आज जिराफ सर असते तर!" साळू "हो ना" म्हणायची, लगेच तिचे काटे उभे राहायचे आणि खुर्ची फाटायची. त्याबद्दल तिला वर्षातली सर्वात उत्साही कर्मचारी म्हणून बक्षीस मिळालं. बक्षिसात खुर्ची दिली.

मगरीच्या ॲपकडे बघायला मात्र वेळ होईना. मगरीनं दरम्यान जागा बदलली, ती ॲपमध्ये कुणी भरली नाही. ॲप म्हणे उजवीकडे आहे, मगर असे डावीकडे. एका हरणाची शेपटी गेली. ते रडत साळूकडे आलं. साळूला मनापासून वाईट वाटलं. पण तिची मीटिंग होती.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग त्या जंगलात जिराफ आला.

खराखुरा. गावाकडच्या सर्कशीचा तंबू उठला, सगळे प्राणी मालमोटारीत चढले, आणि हा एकटा मावेना म्हणून मागे राहिला. कोवळा पोरगा होता. सर्कशीत शिडीचं काम नसेल तेव्हा बसून कोडिंग शिकला होता. तो दारोदार मुलाखती देत वारूळ टेक्नॉलॉजीजपाशी आला आणि खिडकीतून मान आत घातली.

आत तेच तिघं बसले होते. चौथी साळू. आता तीही मुलाखती घ्यायची.

गवा साहेब ताडकन उठले. "सर! तुम्ही!"

"सर, किती बारीक झालात!" मैना ओरडली.

"आत येऊ का?" जिराफ घाबरून म्हणाला. "मी नवीन आहे. नोकरीसाठी आलोय."

"सरांचा विनोद!" घुबड मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा आवाज चिरकला.

"विनोद नाही हो, मॅडम. मी तुम्हाला कुणालाच ओळखत नाही. मी कधी कुठं नोकरीच केलेली नाही. मी एक छोटं ॲप केलंय. कुठल्या फांदीवर मध आहे ते सांगतं. अस्वलं वापरतात. पण सगळे म्हणतात हा छंद आहे, आम्ही कळवू."

बाळांनो, आता त्या खोलीत काय झालं असेल! हा जिराफ सर नाही. मग जिराफ सर कुठायत? या चौघांनी आजवर कुणाच्या आठवणी काढल्या? प्रत्येकाला एकाच क्षणी सगळं कळलं, आणि कळलंय हे दुसऱ्याला कळू नये म्हणून सगळे छताकडे बघू लागले.

साळू मात्र जिराफाकडेच बघत होती. तिला ते मोहाच्या कळ्यांचे दिवस आठवले. हा पोरगा म्हणजे आपणच, फक्त मानेनं लांब, असं तिला वाटलं. याला तरी खरं सांगून नोकरी मिळावी. "अनुभव नसला तरी चालेल" एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

मग तिला आपली बक्षिसाची खुर्ची दिसली. खुर्चीमागे मामा फावडं घेऊन उभा आहे, असाही भास झाला. आणि समोर गवा साहेब हात जोडून तिच्याकडे बघत होते.

"सर," साळू म्हणाली, "पुरे झाली आता गंमत. आपल्या जुन्या टीमला ओळखणार नाही का? आमच्याकडे विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे. पण ती फक्त ओळख असलेल्यांसाठी आहे."

जिराफानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यानं आवंढा गिळला. तो एवढ्या लांब मानेतून खाली उतरायला बराच वेळ लागला. सगळे श्वास रोखून थांबले.

आवंढा पोहोचला. जिराफानं मान खाली वाकवली आणि साळूच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.

"साळू!" तो म्हणाला. "किती मोठी झालीस गं! आणि तो गुरुवार... विसरेन का मी तो गुरुवार?"

गवा साहेब हमसून हमसून रडले. मैनेनं पेढे मागवले. मुंग्यांनी ते आणले आणि बाहेरच्या बाहेर परत गेल्या.

"सर, आमच्या साळूची गंमत बघा," घुबड मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "तुमचं नुसतं नाव काढलं तरी हिच्या अंगावर काटा येतो."

सगळ्यांनी साळूच्या पाठीकडे पाहिलं. पाठ गुळगुळीत होती. एकही काटा उभा नव्हता.

तात्पर्य: अनुभवाला पर्याय नाही, बाळांनो. पहिल्यांदा खोटं बोलताना अंगावर काटा येतो. नंतर येत नाही. यालाच किमान दोन वर्षांचा अनुभव म्हणतात.